रामा १७८

रस्त्याचा नंबर सांगून कोल्हापुरात कुणाला पत्ता सापडला असेल असं मला वाटत नाही. तावडे हॉटेलच्या चौकात उभं राहून ‘हा रस्ता कुठला?’ म्हणून विचारा. ‘हायवे’ एवढंच उत्तर येईल. नेट लावलात तर ‘पुणे-बेंगलोर’. समोरचा ट्रकच्या धंद्यातला असला तर ‘एनएच फोर’. या रस्त्याचा ४ नंबर २०१० सालीच गेला, पाट्यांवर ४८ चढला, तरी जिभेवरचा चार काही उतरत नाही. बाकीच्या रस्त्यांना तर नंबर असतो हेच कुणाच्या गावी नाही. रत्नागिरी रोड, गारगोटी रोड, राधानगरी रोड, बावड्याचा रस्ता. टोकाच्या गावाचं नाव रस्त्याला लागतं आणि त्यावर सगळ्यांचं भागतं.

मग नंबर असतात कुणासाठी? हे खूळ माझ्या डोक्यात घातलं पेपरातल्या निविदा सूचनांनी. ‘रामा १७८ किमी अमुक ते तमुकमध्ये मजबुतीकरण व डांबरीकरण करणे, ता. राधानगरी.’ ‘इजिमा क्रमांक अमुक ते प्रजिमा क्रमांक तमुकला मिळणाऱ्या रस्त्याची सुधारणा करणे.’ रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा ही नावं रोज वाचून वाचून एका वाड्यात नांदणाऱ्या भावंडांसारखी वाटायला लागली होती. राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी ही मंडळी. त्यातल्या रामाला, म्हणजे १७८ नंबरच्या देवगड-निपाणी रस्त्याला, एकदा घरी जाऊन भेटावं असं ठरवलं.

सोबतीला दाजी मिळाले. बहिणीचे यजमान, सार्वजनिक बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त. त्यांना गाडीत पुढं बसवलं की ते निसर्ग बघत नाहीत, साईडपट्टी बघतात. बेत असा: ४८ ने निपाणीला जायचं, तिथून १७८ ने राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरायचा, नांदगावला गोव्याचा हायवे पकडून तळेऱ्यापर्यंत वर यायचं आणि करूळ घाट चढून गगनबावड्यावरून घरी. पहाटे निघालं तर रात्रीच्या जेवणाला रंकाळ्यावर परत.

“चार तऱ्हेचे नंबर एका दिवसात बघणार म्हणा की,” दाजी म्हणाले. “पण पाव्हणं, नंबर लोकांसाठी नसतो. बिलासाठी असतो.”

उचगाव, गोकुळ शिरगाव मागं टाकेपर्यंत उजाडलं. या पट्ट्यात रस्त्यावर पाहण्यासारखं काही नाही. सहापदरीचं काम, वळवलेली वाहतूक, सेवा रस्त्यावर उलट येणाऱ्या मोटरसायकली. तेव्हा केंद्राच्या नंबरांचं गणित इथंच सांगून टाकतो. २०१० च्या आधी राष्ट्रीय महामार्गांच्या आकड्यांना दिशेचा हिशेब नव्हता. जसजसे मार्ग जाहीर झाले तसतसे नंबर पडत गेले. २०१० मध्ये सगळी पाटी पुसून नव्यानं लिहिली. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. सम आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडं वाढत येतात. नागपूरवरून कन्याकुमारीकडं जातो तो ४४, आमचा ४८, आणि कोकणातला पूर्वीचा १७ आता ६६. विषम आकडे वरून खाली वाढतात. महाराष्ट्राच्या नकाशावर बोट वरून खाली फिरवलं तर नागपूर-धुळे-सुरतेचा ५३, मग कल्याण-नगर-नांदेडचा ६१, मग पुणे-सोलापूर-हैदराबादचा ६५ असे ओळीनं लागतात. पूर्वीचा दिल्ली-मुंबई ८ आणि मुंबई-चेन्नई ४ हे एकाला एक जोडून ४८ केला. म्हणजे आपण ज्याला पुणे-बेंगलोर म्हणतो तो खरा दिल्लीहून निघतो आणि चेन्नईला थांबतो. कोल्हापूर मधलं एक स्टेशन.

नियम छान आहे, पण देश नियमानं आखलेला नाही. सोलापूरवरून जाणारा ५२ घ्या. आकडा ४८ पेक्षा मोठा, म्हणजे तो आपल्या पश्चिमेला हवा. सोलापूर पश्चिमेला म्हटलं तर कोल्हापूरकर हसतील. त्याचं असं आहे की ५२ निघतो पंजाबात संगरूरहून, तिथं तो ४८ च्या पश्चिमेलाच असतो. जयपूरला दोघे एकमेकांना ओलांडतात आणि बाजू बदलून खाली येतात. पुढं हुबळीला पुन्हा भेटतात आणि ५२ अंकोल्याला समुद्राकडं निघून जातो. नंबर जन्माच्या वेळचा, पुढची चाल कशीही.

तीन आकडी नंबर फांद्यांचे. शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे, पुढचा आकडा फांदीचा अनुक्रम. ४८ वरून दिल्लीकडून खाली येत गेलं तर राजस्थानात १४८, मुंबईजवळ न्हावाशेव्याला जाणारा ३४८, बेळगावहून पणजीला जाणारा ७४८ आणि बंगळूरहून कोइमतूरला जाणारा ९४८ लागतो. हे कळलं की पाटी बघून माणूस कुठल्या अंगाला आहे याचा अंदाज येतो. केंद्रानं निदान एवढी सोय केली आहे, हे मान्य करायला हवं.

कागल गेलं, दूधगंगेवरचा पूल गेला, कोगनोळीचा नाका आला आणि कर्नाटक लागलं. निपाणीत चहा घेतला. टपरीवाला मराठी, पाट्या कन्नड, गाड्या केए २३ आणि एमएच ०९ निम्म्या निम्म्या. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हे गाव म्हैसूर राज्यात गेलं. पण रस्त्याचं नाव देवगड-निपाणीच राहिलं. मुरगूडकडं वळलो. राष्ट्रीय महामार्गाचा आकडा सीमेवर न थांबता सरळ पुढं जातो. राज्याचा नंबर मात्र राज्यापुरता. १७८ ला निपाणीचं नाव लावायची मुभा आहे, निपाणीत शिरायची नाही. सीमा ओलांडून महाराष्ट्रात आलो तशी दाजींनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

“उतरा. हा बघा तुमचा रामा.”

किलोमीटरचा दगड. गवतात निम्मा बुडालेला, डोक्यावर हिरवा रंग, खाली पांढरा. ४८ वर हाच माथा पिवळा असतो, आणि ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर नारिंगी. हिरव्याचे पापुद्रे निघाले होते आणि आतून आणखी एक हिरवा, त्याच्या आतून चुन्याचा पांढरा दिसत होता. दर पावसाळ्यानंतर एक थर. समोरच्या अंगावर पुढच्या गावाचं नाव आणि अंतर. दाजींनी बुटानं गवत बाजूला सारत मागं काही अंतरावर एक बुटका दगड दाखवला. त्यावर नुसता ‘२’. दर दोनशे मीटरला असा एक, २, ४, ६, ८, आणि मग पुन्हा मोठा दगड. निविदेतला ‘किमी अमुक/४००’ म्हणजे मोठ्या दगडानंतरचा ‘४’ चा दगड. खात्यातला प्रत्येक खड्डा, प्रत्येक मोरी, पडलेलं प्रत्येक झाड या दोन आकड्यांत सांगितलं जातं. रस्त्याच्या नावात पहिलं गाव जे असेल तिथं शून्य धरायचं, म्हणून या रस्त्याची मोजणी समुद्राकडून. आम्ही उलटे निघालो होतो, त्यामुळं आकडे उतरत जाणार होते.

दगडाशी उभं राहून दाजींनी खात्याची उतरंड सांगितली. तिचं मूळ बरंच मागं जातं. १९२७ मध्ये ब्रिटिश सरकारनं देशातल्या रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढं पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीच्या अहवालातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. दगडाचा माथा कुठल्या रंगाचा असावा इथपर्यंतची मानकं हीच संस्था ठरवते. मग डिसेंबर १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांचे वर्ग पाडले: राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, ग्रामीण. निविदेतली ती सगळी भावंडं या नागपूर बैठकीची लेकरं. जिल्ह्याची मुख्य ठिकाणं, मोठी शहरं आणि शेजारची राज्यं जोडतो तो राज्यमार्ग. तालुके आणि बाजारपेठा जोडतो तो प्रमुख जिल्हा मार्ग. राज्यात १९५५ चा महामार्ग कायदा आहे, त्याखाली सरकार रस्ता जाहीर करतं. रामा आणि प्रजिमा सार्वजनिक बांधकाम खात्याकडं, इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेकडं.

“आता लक्षात आलं का?” दाजी म्हणाले. “रामा म्हटलं की आमचा खड्डा. इजिमा म्हटलं की त्यांचा.”

मुरगूड ओलांडून आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाची गर्दी लागली आणि लगेच मुदाळतिट्टा. कोल्हापूर-गारगोटी रस्ता इथं १७८ ला कापतो. उसाचे ट्रॅक्टर, गारगोटीची एसटी, भंडारा लावून परतणारी माणसं, वडापच्या गाड्या. वडापवाल्याला विचारलं, “एकशे अठ्ठ्याहत्तर नंबरचा रस्ता कुठला हो?” त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, “रूम नंबर सांगताय का काय? जायचं कुठं त्ये सांगा की.”

फोंड्याला म्हटल्यावर हात करून दाखवला.

हॉटेलच्या बाकड्यावर एक म्हातारे बसले होते. दाजींना बघून उठायला लागले. जुने मैलकुली निघाले. ठरावीक किलोमीटर त्यांच्या ताब्यात असत. गटार काढायचं, झुडपं तोडायची, पावसाआधी मोऱ्या मोकळ्या करायच्या, दगडाला रंग द्यायचा. नंबर त्यांना कधी लागला नाही. त्यांचा रस्ता या मोरीपासून त्या वडापर्यंत. “रंग आला की आमी म्हणायचो सायेब येणार,” ते म्हणाले. दाजी हसले, पण जरा ओशाळल्यासारखे. पुढं गाडीत बराच वेळ सांगत होते की आता सगळं कंत्राटावर चालतं, कंत्राटदाराला डांबर दिसतं, गटार दिसत नाही, आणि रस्ता डांबरानं टिकत नाही, गटारानं टिकतो. हे वाक्य त्यांनी वेगवेगळ्या प्रकारे राधानगरीपर्यंत म्हटलं.

मला खटकत होतं ते वेगळंच. १७८ च का? त्याच्या शेजारी १७७ आणि १७९ आहेत का? गाड्यांच्या नंबरात तेवढी तरी शिस्त आहे. सिंधुदुर्ग ०७, रत्नागिरी ०८, कोल्हापूर ०९, सांगली १०, सातारा ११, पुणे १२. नकाशावर बोट न उचलता मोजता येतात. राज्यमार्गांच्या आकड्यांत सम-विषम नाही, दिशा नाही. यादीत आला त्या जागेचा नंबर. एखादा राज्यमार्ग राष्ट्रीय झाला की त्याचा आकडा मोकळा पडतो. खालचा एखादा रस्ता वर चढला की त्याला नवा मिळतो. या वर चढण्याला खात्यात दर्जोन्नती म्हणतात, आणि आमदारांच्या पत्रकांत हा शब्द हमखास असतो. ग्रामाचा इजिमा, इजिमाचा प्रजिमा, प्रजिमाचा रामा. डांबर तेच, वळणं तीच, फक्त पैशाचं खातं बदलतं आणि रुंदीची अपेक्षा वाढते. हे काही वाईट नाही. ज्या गावाला इजिमाच्या निधीतून दहा वर्षं खडी मिळाली नाही, त्यानं दर्जोन्नतीसाठी मोर्चा काढला तर त्यात नवल कसलं?

उलट दिशेची धावाधावही आपण बघितली आहे. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायला सांगितली. १ एप्रिल २०१७ पासून अंमल. तेव्हा ज्यांना आयुष्यात रस्त्याचा नंबर ठाऊक नव्हता ते रातोरात नंबरांचे जाणकार झाले. आपल्या दारातला रस्ता राज्यमार्ग आहे की महापालिकेचा, यावर परवाना टिकणार की जाणार हे ठरत होतं. महाराष्ट्रातल्या काही शहरांत पोटातून जाणारे राज्यमार्ग महापालिका-नगरपालिकांच्या नावे करण्याचे कागद भराभर हलले. लोक ओरडले की खड्डे बुजवायला पैसा नाही, मग हे रस्ते घेता कशाला? जुलै २०१७ मध्ये शहरांच्या हद्दीतल्या दुकानांबाबत न्यायालयानंच खुलासा केला आणि ते वादळ ओसरलं. तेवढ्या काही महिन्यांत दगडाच्या हिरव्या माथ्याला जी किंमत आली, ती नागपूरच्या बैठकीतल्या अभियंत्यांनी स्वप्नातही पाहिली नसेल.

राधानगरीत मिसळ खाल्ली. शाहू महाराजांच्या धरणाच्या कडेनं रस्ता वर चढतो आणि मग दोन्ही बाजूंनी जंगल दाटतं. हे गव्यांचं अभयारण्य १९५८ पासूनचं. दाजीपूरच्या अलीकडं एक गवा खरंच रस्त्याच्या कडेला उभा होता, काळाभोर अंग, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. दाजींनी ‘जनावर’ एवढंच म्हणून पुन्हा संरक्षक कठड्याकडं लक्ष वळवलं. फोंडा घाटात कठडे बऱ्याच ठिकाणी नवे दिसले. घाट उतरताना हवा जड होते, जंगलाची जागा काजू घेतो, आणि नांदगावच्या तिठ्यावर १७८ आपल्याला ६६ वर सोडून स्वतः देवगडकडं निघून जातो.

६६ वर नांदगाव ते तळेरे हा तुकडा चौपदरी, सपाट आणि लवकर संपणारा. कोकणातली माणसंही याला ‘गोवा हायवे’च म्हणतात. १७ नंबरही तिथं कधी रुजला नव्हता, ६६ कसा रुजावा?

तळेऱ्याहून उजवीकडं वळल्यावर पाटी आली: १६६ जी. एवढ्यावरून काय काय कळतं बघा. शेवटचे ६६, म्हणजे कोकणातल्या महामार्गाचं खटलं. १६६ ही त्याची फांदी रत्नागिरीजवळ निघते, आंबा घाट चढून मलकापूर, कोल्हापूर, सांगली, मिरज करत सोलापूरकडं जाते. आमच्या लहानपणी जो रत्नागिरी रोड आणि पुढं काही काळ २०४ होता, तो हाच. आता गंमत अशी की १६६ धावतो पश्चिमेकडून पूर्वेकडं, पण आकडा सम. फांदीला आकडा बापाचा मिळतो, स्वतःच्या दिशेचा नाही. आणि त्यापुढचं ‘जी’ म्हणजे फांदीचीही फांदी, तळेरे ते कोल्हापूर. इथवर ठीक. पण आमच्याच जिल्ह्याच्या दक्षिणेला संकेश्वर-गडहिंग्लज-आजरा-आंबोली-बांदा रस्त्याला ५४८ एच नंबर आहे. त्याची भावंडं कुठं? ५४८ ए शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोलीला, ५४८ डी तळेगाव-चाकणला. आजऱ्याचा माणूस त्या कुळाशी नातं कसं जोडणार? इथं मला केंद्राची शिस्त आणि राज्याची यादी यांत फारसा फरक वाटेना. मुळाक्षरं लागायला लागली की नियम दमलेला असतो.

करूळ घाट जानेवारी २०२४ पासून बरेच महिने बंद होता. रुंदीकरण आणि काँक्रीटचं काम. तेव्हा गाड्या भुईबावडा आणि फोंडा घाटानं फिरत होत्या. आता वळणं रुंद आहेत, खाली दरी तशीच. वर गगनबावड्याला धुकं होतं. गगनगडाच्या पायथ्याशी थांबून भजी आणि चहा.

उतरणीला साळवण, मांडुकली. कोल्हापूरकराला मांडुकली हे नाव पावसाळ्यातच आठवतं. कुंभीचं पाणी रस्त्यावर आलं की बावड्याचा रस्ता बंद. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आमच्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ. पातळी चढायला लागली की जिल्हा प्रशासनाचं पत्रक येतं: इतके राज्यमार्ग बंद, इतके प्रमुख जिल्हा मार्ग बंद, पर्यायी मार्ग असा असा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये तर ४८ सुद्धा शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. ट्रकांच्या रांगा, दूध नाही, पेट्रोल नाही. त्या पत्रकांत रस्त्यांचे वर्ग आणि क्रमांक छापलेले असतात, आणि आपल्या गावाचा रस्ता यादीत आहे का हे बघायला माणसं ती ओळन् ओळ वाचतात. निविदा सूचनांना हा मान कधी मिळत नाही.

कळे सोडल्यावर एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की मागच्या सीटवरचा डबा खाली आला. मी वैतागून म्हटलं, तक्रार करतोच. दाजींनी टॉर्च काढला, मागं चालत गेले, दोन्ही दगड बघून आले आणि मला लिहायला सांगितलं. आधी नंबर, १६६ जी. मग किलोमीटर आणि पुढचा बुटका दगड. डावी बाजू की उजवी, तेही.

“‘कळ्याजवळ मोठा खड्डा’ असं लिहिलंत तर कागद सहा महिने फिरंल,” ते म्हणाले. “राष्ट्रीय म्हटलं म्हणून प्राधिकरणाला पाठवू नका. सगळे राष्ट्रीय त्यांच्याकडं नसत्यात. हा आमच्याच खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडं. आणि प्रत जिल्हा परिषदेला नको.”

“का? माहितीसाठी असू दे की.”

“ती त्यांना येणार, ती ते आम्हाला पाठवणार, आम्ही त्यांना कळवणार की मिळाली. खड्डा तिथंच.”

बालिंग्याचा पूल ओलांडेपर्यंत मजकूर तयार झाला. फुलेवाडीच्या पुढं आणखी एक खड्डा लागला. मी वही उघडली, तर दाजी म्हणाले, “हा घेऊ नका. हा महापालिकेचा.”